मराठी शोधनिबंधाच्या फाइलचे रूपांतर करताना अक्षरे मोडतात: निदान आणि दुरुस्ती

वर्डमध्ये व्यवस्थित दिसणारा मराठी शोधनिबंध नियतकालिकाच्या साच्यात उतरवला, लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नेला किंवा सादरीकरणाच्या संकेतस्थळावर चढवला, की त्यातील काही अक्षरे मोडलेली दिसतात. मराठीत किंवा मराठीविषयी लिहिणाऱ्या बहुतेक अभ्यासकांना ही अडचण कधी ना कधी येतेच. कुठे रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, कुठे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, कुठे रिकामे चौकोन दिसतात, तर कुठे मजकुराची जागाच कोरी राहते. लेखक बहुधा शेवटच्या फाइलमध्ये तेवढी अक्षरे हाताने सुधारून वेळ निभावून नेतात आणि समीक्षकांच्या सूचनांनंतर सुधारित प्रत पाठवताना तीच चूक पुन्हा समोर येते. दोष जिथे दिसतो तिथे तो सहसा नसतो. तो मूळ फाइलमध्ये साठवलेल्या मजकुरात किंवा फॉन्टविषयीच्या एखाद्या नोंदीत असतो. तिथे तो दुरुस्त करून रूपांतर पुन्हा केले, तरच तो कायमचा जातो.

म्हणून पहिली तपासणी नजरेने न करता साठवलेल्या मजकुराची करावी. निबंधातील एक मराठी परिच्छेद, एक तळटीप आणि इंग्रजी शब्द असलेले एखादे वाक्य निवडून ते नोटपॅडमध्ये चिकटवावे. तिथे वर्डमधील फॉन्टची कोणतीही सजावट सोबत येत नाही, त्यामुळे मजकूर मुळात काय आहे ते लगेच उघडे पडते. मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नाही. मराठी नीट दिसते पण ठरावीक शब्दच मोडतात, तर त्यात एखादे अदृश्य चिन्ह किंवा चुकीची अक्षरजोडी आहे. सगळे नीट दिसले, तर मजकूर बहुधा निर्दोष असून बिघाड वर्डच्या फॉन्टच्या नोंदीत, लाटेकच्या इंजिनात किंवा पीडीएफ तयार करण्याच्या पद्धतीत आहे. ही विभागणी आधी न करता उपाय सुरू केले, की दुरुस्त्यांच्याच नव्या चुका होत जातात.

रोमन अक्षरांची खिचडी

श्रीलिपी, आकृती, सी-डॅक या शासकीय संस्थेच्या आयएसएम या टंकलेखन सॉफ्टवेअरमधील डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये टंकलिखित केलेले प्रबंध आणि लेख आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत. विशेषतः जुना प्रबंध समोर ठेवून त्यातून लेख तयार करताना ते हमखास पुढे येतात. या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच असतो, फक्त तो देवनागरी दिसतो. कृतिदेवमधील ‘भारत’ हा शब्द साठवलेला असतो तो मोठा एच, दोन लहान के, जे आणि आर या पाच अक्षरांनी. पहिली दोन मिळून भ, पुढचा के म्हणजे काना, मग र आणि त. ‘दिवस’ हा शब्द एफ, एन, ओ, एल असा असतो आणि त्यातील एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. कागदावर वेलांटी द च्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी टंकली जाते. युनिकोडमध्ये मात्र क्रम उच्चाराचा असतो: आधी द, मग वेलांटी.

त्यामुळे जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या साधनाला, म्हणजे परिवर्तकाला, नुसते अक्षरामागे अक्षर बदलून चालत नाही, त्यांचा क्रमही बदलावा लागतो. बहुतेक चुका इथेच होतात. ‘आर्थिक’ या शब्दात दिसण्याच्या क्रमाने वेलांटी, मग थ, मग त्याच्या डोक्यावरचा रफार असे येते, आणि युनिकोडला हवे असते र, हलन्त, थ, वेलांटी. रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर असणारे शब्द, म्हणजे ‘आर्थिक’, ‘मार्मिक’, ‘दिग्दर्शित’, ‘वार्षिक’, हे रूपांतरानंतर सर्वांत आधी शोधून पाहावेत. हे शब्द नीट आले, तर बाकीचा मजकूरही बहुधा नीट आलेला असतो. ज्या फॉन्टात फाइल आहे त्याच फॉन्टाचा परिवर्तक वापरावा. प्रत्येक कंपनीचा आराखडा वेगळा असतो, आणि एकाच कंपनीच्या निरनिराळ्या फॉन्टमालिकांतही तो बदलू शकतो, म्हणून फॉन्टचे पूर्ण नाव वर्डमधून टिपून घ्यावे.

याहून मोठे नुकसान इंग्रजी मजकुराचे होते. संदर्भसूचीतील इंग्रजी नावे, कंसातील वर्षे, संकेतस्थळांचे पत्ते हे सगळे खरोखरच रोमन असते. पण मजकूर परिवर्तकाच्या चौकटीत चिकटवला की फॉन्टची माहिती गळून पडते आणि परिवर्तक त्या इंग्रजीचेही देवनागरी करून टाकतो. पूर्ण डॉक किंवा डॉकएक्स फाइल स्वीकारून प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट पाहणारा परिवर्तक मिळाला, तर तोच घ्यावा. तसा नसेल, तर वर्डच्या शोध खिडकीत शब्दाची चौकट रिकामी ठेवून फक्त जुन्या फॉन्टचे नाव निवडावे आणि त्या फॉन्टातील सगळा मजकूर एकदम निवडून त्याला पिवळा रंग द्यावा. नंतर पिवळे तुकडेच तेवढे रूपांतरित करावेत. हा शोध मुख्य मजकुरात, तळटिपांत, शीर्षपट्टीत आणि मजकूर-चौकटींत वेगवेगळा घ्यावा लागतो. तळटिपा राहून गेल्याचे लेखकाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या संगणकावर जुना फॉन्ट असल्याने त्या त्याला नीटच दिसतात. संपादकाला मात्र तिथे रोमन खिचडी दिसते.

दऱ्या आणि दर्या

युनिकोडमध्येच लिहिलेल्या निबंधात सर्वाधिक घात होतो तो डोळ्यातील पापणीसारख्या आडव्या र चा. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘करणाऱ्या’ या शब्दांतील तो र दोन प्रकारे साठवता येतो आणि युनिकोडच्या मानकात दोन्हींचा उल्लेख आहे. पहिल्या प्रकारात खाली ठिपका असलेला ऱ, म्हणजे युनिकोड क्रमांक यू+०९३१, आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक असतो. हा जोडक म्हणजे यू+२००डी, एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात. अनेक लिप्यंतर-टंकलेखन साधने दुसरा प्रकार तयार करतात आणि लेखकाला त्याची कल्पनाही नसते.

आता होते असे, की काही सादरीकरण प्रणाली आणि रूपांतराची साधने मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे काढून टाकतात. शीर्षक, सारांश आणि बीजशब्द वेबच्या चौकटीत चिकटवताना तर हे विशेष घडते. जोडक गेला, की उरतो र आणि हलन्त, आणि त्याचा रफार होतो. ‘करणाऱ्या’चे ‘करणार्या’ झालेले निदान डोळ्यांना खुपते. पण ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, तर सह्याद्रीच्या दऱ्यांवरचा निबंध समुद्रावरचा होतो, आणि ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले, तर स्वयंपाकघरातील माणसे मठात जाऊन बसतात. दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे कोणताही शुद्धलेखन तपासनीस ही चूक पकडत नाही. छापून आल्यावर ती लेखकाच्याच नावावर जमा होते, म्हणून या एका अक्षराकडे मी इतक्या आग्रहाने लक्ष वेधतो.

ठिपक्यांचे वर्तुळ दिसण्याचे कारणही पुष्कळदा हाच गेलेला जोडक असतो. ‘ॲरिस्टॉटल’, ‘ॲकॅडमी’ अशा शब्दांतील ॲ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीपासूनची सवय म्हणून अनेक जण अ, जोडक आणि अर्धचंद्र अशी जुळवणी करत आले आहेत. जोडक गळाला की अ आणि अर्धचंद्र यांची जोडी अवैध ठरते आणि मधे ठिपक्यांचे वर्तुळ येते. एकाच निबंधात आडव्या र चा रफार झालेला आणि ॲ च्या जागी वर्तुळ आलेले दिसले, तर दोन वेगळी कारणे शोधत बसू नये.

उपाय मूळ फाइलमध्ये एकदाच करायचा आहे. लिब्रेऑफिस रायटरमध्ये फाइल उघडून शोध आणि बदल या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन्स हा पर्याय निवडावा. शोधायच्या चौकटीत र आणि हलन्त लिहून त्यांना लागूनच बॅकस्लॅश, लहान लिपीतील यू आणि जोडकाचा संकेतांक २००डी हे रोमनमध्ये लिहावे. बदलाच्या चौकटीत ऱ आणि हलन्त लिहावा. सर्वत्र बदल झाल्यावर तशाच रीतीने अ, जोडक आणि अर्धचंद्र यांच्या जागी ॲ घालावा. मग उरलेले जोडक शोधून एकेक पाहावेत, सरसकट काढू नयेत. एखाद्या भाषावैज्ञानिक निबंधात क आणि ष यांचे जोडाक्षर मुद्दाम फोडून दाखवलेले असते आणि तिथे जोडक हवाच असतो. पुढील लेखनासाठी मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरत असाल, तर शिफ्ट धरून जे दाबल्यास ऱ उमटतो आणि डी दाबल्यास हलन्त. तेवढी सवय लावून घेतली, की ही अडचण मुळातच उद्भवत नाही.

याच फेरीत विसर्ग आणि अपूर्णविराम यांची अदलाबदल तपासावी. ‘दुःख’ मध्ये विसर्गाच्या जागी दोन टिंबांचे विरामचिन्ह असले, तर तिथे विसर्ग घालावा.

फॉन्ट बदलूनही बदलत नाही

नियतकालिकाच्या साच्यात मजकूर चिकटवला, फॉन्ट आणि आकार निवडला, तरी इंग्रजी तेवढे बदलते आणि मराठी जशीच्या तशी राहते, ही तक्रार वर्डच्या रचनेमुळे येते. डॉकएक्स फाइलमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याबरोबर लॅटिन लिपीसाठी एक फॉन्ट आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी दुसरा फॉन्ट नोंदलेला असतो. आकार आणि ठळकपणाही दोघांसाठी वेगळा नोंदला जातो. देवनागरी ही वर्डच्या हिशेबी कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आहे. म्हणून फॉन्टची मोठी खिडकी उघडून तिच्यातील कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स या भागात फॉन्ट आणि आकार ठरवावा. तो भाग दिसत नसेल, तर ऑफिसच्या भाषाविषयक पर्यायांत मराठी जोडावी. बदल मजकूर निवडून न करता नॉर्मल, शीर्षक आणि तळटीप या शैलींमध्येच करावा. मजकुरावर थेट केलेले बदल पुढच्या रूपांतरात टिकतील याची खात्री नसते. शैलीतील बदल मात्र बहुतेक साधने ओळखतात.

फॉन्ट निवडताना संपादकाच्या संगणकाचाही विचार करावा. डॉकएक्स फाइल फॉन्टचे नाव सांगते, फॉन्ट सोबत नेत नाही. तो नेण्यासाठी जतन करण्याच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट करण्याची खूण करावी लागते. नोटो सेरिफ देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट वापरले, तर संपादक ते विनामूल्य उतरवून घेऊ शकतो.

लाटेककडे नेताना

वर्डमधून लाटेकमध्ये जाण्यासाठी पॅनडॉक हे साधन सर्वांत भरवशाचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ साली प्रथम प्रसिद्ध केले. तळटिपा, मथळे, साधे तक्ते आणि वर्डच्या स्वतःच्या समीकरण-साधनाने लिहिलेली समीकरणे ते नीट उचलते. मॅथटाइपसारख्या जोडसाधनाने घातलेली समीकरणे मात्र त्याला समीकरणे म्हणून दिसत नाहीत, ती आधी वर्डमध्ये बदलून घ्यावीत. मार्गदर्शकांनी सुचवलेले बदल फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस स्वरूपात शिल्लक असतील, तर पॅनडॉक ते सारे निमूटपणे मान्य करते आणि समासातील टिपा गाळते. वादातील वाक्ये तशीच आत जाऊ द्यायची नसतील, तर तो निर्णय वर्डमध्येच पूर्ण करावा. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या साधनाने घातलेले संदर्भ वर्डमधून लिब्रेऑफिसमध्ये नेण्यापूर्वी झोटेरोतील शब्दसंस्कारक बदलण्याची सोय वापरावी, नाहीतर ते जिवंत संदर्भ न राहता साधा मजकूर होतात.

देवनागरीचा खरा प्रश्न इंजिनाचा, म्हणजे लाटेकच्या फाइलपासून पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामचा आहे. पॅनडॉक पीडीएफसाठी मूलतः पीडीएफलाटेक हे इंजिन वापरते आणि ते देवनागरी अक्षर भेटताच त्रुटी दाखवून थांबते. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक बिघाड, कारण तो निदान दिसतो. त्यावर उपाय म्हणून झीलाटेक हे दुसरे इंजिन निवडले, की पीडीएफ तयार होते, त्रुटी येत नाही, आणि मराठी उताऱ्यांच्या जागा कोऱ्या असतात. मूळ लॅटिन मॉडर्न फॉन्टमध्ये देवनागरी नसल्यामुळे झीलाटेक ती अक्षरे सोडून देते आणि त्याची नोंद लॉग फाइलमध्ये, अक्षर सापडले नाही अशा शब्दांत करते. चाळीस पानांच्या इंग्रजी निबंधात दोन ओळींचा अभंग गायब झालेला सहज नजरेतून सुटतो. लॉग फाइलमध्ये मिसिंग कॅरेक्टर हे शब्द शोधणे हा प्रत्येक संकलनानंतरचा, म्हणजे पीडीएफ बनवल्यानंतरचा, नेम असावा.

फॉन्ट दिल्यावरही हलन्त सुटे दिसतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लागते, तर फॉन्टस्पेक या फॉन्ट ठरवणाऱ्या लाटेकच्या पॅकेजमध्ये लिपी देवनागरी असल्याचे सांगितलेले नाही हे ओळखावे. लिपीबरोबर भाषा मराठी असेही नोंदवावे. ज्या फॉन्टांत भाषानिहाय रूपे दिलेली असतात, त्यांत ल आणि श यांची मराठी वळणे त्या नोंदीमुळेच येतात, नाहीतर हिंदी वळणाचे ल आणि श छापले जातात. मराठी विषयावरच्या लेखनात ही वळणे चुकू नयेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही त्यांना प्रमाण मानलेले आहे. लुआलाटेक हे आणखी एक इंजिन वापरत असल्यास रेंडरर (अक्षरांची जुळणी करणारा भाग) म्हणून हार्फबझ निवडावा.

नियतकालिकाचा सर्व्हर फक्त पीडीएफलाटेकवरच संकलन करत असेल, तर हट्ट करू नये. इंग्रजी निबंधात मराठी उदाहरणे मोजकीच असतील, तर ती आयएसओ १५९१९ या मानकानुसार रोमन लिप्यंतरात द्यावीत आणि मूळ देवनागरी उतारे झीलाटेकमध्ये स्वतंत्रपणे तयार करून, कडा कापलेल्या पीडीएफ आकृती म्हणून घालावेत. आकृतीत घातलेला मजकूर मोठा केला तरी फाटत नाही, आणि वाचक लिप्यंतरातून शोधही घेऊ शकतो.

पीडीएफमधून उलटा प्रवास

मूळ वर्ड फाइल हरवली आहे आणि पीडीएफ तेवढी हाती आहे, अशी वेळ आली की लोक पीडीएफमधील मजकूर निवडून वर्डमध्ये चिकटवतात. देवनागरीसाठी ही सर्वांत वाईट वाट आहे. पीडीएफमध्ये प्रामुख्याने अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा साठवलेल्या असतात. कोणता आकार कोणत्या युनिकोड अक्षराचा, याची सारणी सोबत असेलच असे नाही, आणि असली तरी जोडाक्षरे आणि डावीकडची वेलांटी यांच्या बाबतीत ती अपुरी पडते. त्यामुळे चिकटवलेल्या मजकुरात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जातात आणि जोडाक्षरे अर्धवट येतात. त्यापेक्षा टेसरॅक्टसारख्या मराठी ओळखणाऱ्या साधनाने पानांच्या प्रतिमा वाचून घेतलेला मजकूर पुष्कळदा अधिक शुद्ध निघतो, आणि जुन्या फॉन्टांतील पीडीएफसाठी तर तोच मार्ग उरतो.

स्वतःची पीडीएफ तयार करतानाही हेच ध्यानात ठेवावे. वर्डमधून पीडीएफ म्हणून जतन करावे. छपाईच्या मार्गाने केलेल्या पीडीएफमध्ये मथळ्यांची रचना आणि दुवे गळतात. तयार झालेली फाइल उघडून ‘आर्थिक’, ‘करणाऱ्या’ यांसारखे निबंधातील शब्द तिच्यातच शोधून पाहावेत, आणि एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवावा. पॉपलर या पीडीएफ-साधनांच्या संचातील पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा प्रत्येक फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट आहे की नाही आणि त्याला युनिकोड सारणी जोडलेली आहे की नाही, हे दोन स्तंभांत दाखवते. साम्य तपासणारी सॉफ्टवेअरे आणि ग्रंथालयांची शोधयंत्रे कागदावर दिसणारे अक्षर पाहत नाहीत, साठवलेला मजकूर वाचतात. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ठेवायचा प्रबंध जुन्या फॉन्टातून पीडीएफ केलेला असेल, तर तो डोळ्यांना मराठी दिसतो आणि मराठी शब्द टाकून शोधणाऱ्या अभ्यासकाला सापडत नाही. इतक्या वर्षांचे काम असे अदृश्य राहावे, हे मला फार लागते.

फाइलचे नाव रोमन अक्षरांत, मोकळ्या जागांशिवाय ठेवावे. निबंध चढवल्यावर प्रणाली स्वतः जी पीडीएफ तयार करून दाखवते, ती मान्य करण्यापूर्वी उतरवून घ्यावी आणि शीर्षक, सारांश, पहिली तळटीप व संदर्भसूची एवढे तरी मूळ फाइलशी ताडून पाहावे. त्यात बिघाड दिसला आणि तुमच्या मूळ फाइलमध्ये तो नसेल, तर मजकुरात हात न घालता संपादकांना पत्र लिहावे. पत्रात बिघडलेला शब्द, तो मुळात कसा आहे त्याचे चित्र, वापरलेल्या फॉन्टचे नाव आणि कोणत्या पानावर काय झाले आहे, हे लिहून सोबत फॉन्ट समाविष्ट केलेली डॉकएक्स फाइल आणि तुम्ही तपासलेली पीडीएफ जोडावी. मुद्रणपूर्व काम करणाऱ्या व्यक्तीला मराठी येत असेलच असे नाही, म्हणून मुद्रितशोधन स्वतः करायला मिळावे अशी विनंती त्याच पत्रात स्पष्ट शब्दांत करावी.